सोलापुरात खाऱ्या पाण्याचा टँक, आणि सीहॉर्स द्यायला सरळ नाही म्हणणारं दुकान

सोलापुरात खाऱ्या पाण्याचा टँक टिकतो का आणि सामान कुठून घ्यायचं, हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच नीट लिहून टाकते. टिकतो. जुळे सोलापुरात आमच्या हॉलमध्ये दोन फुटी टँक आहे, एक अख्खा उन्हाळा काढलाय त्यानं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त श्रेय मी ज्या दुकानातनं सगळं घेतलं त्या दुकानाला देते. नाव इथं टाकत नाही, कुणाला हवं असेल तर विचारा, सांगेन. बाळीवेशीच्या पुढं बोळात आहे. बाहेरनं बघितलं तर नेहमीचंच माशांचं दुकान, पुढं गप्पी, मोली, फायटर, लव्हबर्डचे पिंजरे, खाद्याच्या पिशव्या लटकवलेल्या. पण मागच्या खोलीत गेलं की खाऱ्या पाण्याचे टँक आहेत आणि दुकान चालवणारे अण्णा खरं तर त्याच खोलीत रमलेले असतात, पुढं त्यांचा पुतण्या बघतो.

आम्ही गेलो होतो सीहॉर्स मागायला. माझी लेक आठवीत आहे, तिनं कुठंतरी अमेरिकेतल्या एका बाईचा व्हिडिओ बघितला होता, टेबलावर छोटासा टँक आणि त्यात नखाएवढे समुद्रघोडे शेपटीनं गवताला धरून बसलेले. ते डॉर्फ, म्हणजे बुटके, सीहॉर्स, शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस झोस्टेरी. फ्लोरिडा, मेक्सिकोचं आखात, बहामा या बाजूला उथळ पाण्यातल्या समुद्री गवतात राहतात, पूर्ण वाढलेला घोडा साधारण दोन-अडीच सेंटीमीटरचा, आयुष्य जेमतेम वर्षभर. तिकडं लोक घरातच त्यांची पैदास करतात. नराच्या पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढतात आणि दहा-बारा दिवसांत बाप बाळंत होतो, हे वाचल्यापासून तर लेकीनं माझं डोकं खाल्लं होतं की मम्मी छोटाच तर टँक लागतो, कोपऱ्यात मावतो, आपण घेऊया.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, समुद्रघोडा आपल्याकडं मागू नका बघा. ठेवत नाही, मागवून पण देत नाही."

मला वाटलं त्यांच्याकडं माल नसेल म्हणून म्हणत असतील. तसं नव्हतं. त्यांनी लेकीला स्टुलावर बसवून सांगितलं की आपल्याकडं २००१ पासून समुद्रघोडे आणि त्यांचे भाऊबंद पाइपफिश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत, पकडणं, विकणं, विकत घेणं सगळा गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांपर्यंत. बरं परदेशातली जात म्हणावी तर जगभरातल्या सगळ्या समुद्रघोड्यांच्या जाती २००४ पासून साईटिस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत, आयात करायची तर परवाने, कागदपत्रं, नोंदणी. "तुम्हाला कुणी पिशवीत घालून आणून देतो म्हणाला ना, तर तो मन्नारच्या आखाताकडनं जाळ्यात सापडलेला घोडा असणार, अमेरिकेचा नाही," असं ते म्हणाले. आणि खरंच, आम्हाला एका ग्रुपवर एकानं जोडी देतो, पैसे आधी पाठवा असा मेसेज केलाच होता. तो नंबर मी ब्लॉक केला. कृपा करून तुम्ही पण असल्या माणसाकडनं घेऊ नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. औषधाच्या नावाखाली वाळवून विकण्यासाठी आधीच त्यांची लाखोंनी कत्तल होते, त्यात आपल्या हौसेची भर नको.

मला आवडलं ते हे की नुसतं कायदा दाखवून त्यांनी आम्हाला घालवलं नाही. कायदा नसता तरी सोलापुरात हा प्राणी का अवघड आहे ते पण त्यांनी सांगितलं, आणि तेवढ्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते महिनाभर व्हिडिओ बघून पण कळलं नव्हतं. समुद्रघोड्याला जठरच नसतं. दात पण नाहीत. नळीसारख्या तोंडानं भक्ष्य ओढून घेतो आणि ते पोटात न थांबता झपाट्यानं पुढं सरकतं, म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं खायला लागतं, आणि एवढ्याशा डॉर्फ घोड्याला तर जिवंतच लागतं, नुकतं अंड्यातनं निघालेलं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, दिवसातनं किमान दोन-तीनदा. एक दिवस गावाला गेलात आणि शेजारच्या काकूंना सांगितलं दोन दाणे टाका, असलं चालत नाही. पोहायला तर तो इतका मंद की जास्त प्रवाह असला की खाणं त्याच्या समोरनं वाहून जातं. त्याच्या टँकमध्ये डंख मारणारं काहीच नको, अॅनिमोन नको, बरेचसे कोरल नको. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हायड्रॉइड, हे डंख मारणारे बारीक जीव काचेवर केसासारखे उगवतात. तुम्ही घोड्यांसाठी जे आर्टेमिया घालता त्यावरच ते पण पोसले जातात आणि पिल्लांना डंख मारून मारतात. तिकडचे लोक त्यासाठी फेनबेंडाझोल वापरतात, आपल्याकडं कुत्र्या-गुरांना जंतासाठी देतात तेच औषध. आणि पाणी कसं हवं तर २२ ते २५ अंश. सोलापूरचा मे महिना आठवा आणि तुम्हीच ठरवा.

लेकीचं तोंड उतरलं होतं. मग अण्णांनी विचारलं की तुला घोडाच पाहिजे का समुद्र पाहिजे? ती म्हणाली समुद्र. तिथनं आमचा टँक सुरू झाला.

आता दुकानाच्या कामाबद्दल सांगते.

पहिली गोष्ट, पहिल्या दिवशी त्यांनी मासा विकला नाही. काच, पंप, मीठ, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, पाणी तपासायचं टेस्ट किट एवढंच दिलं आणि सगळ्यात जास्त वेळ पाण्यावर बोलले. आपल्याकडं पाणी कसं येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको, चार-पाच दिवसांनी एकदा येणार, मग हौदात आणि ड्रममध्ये भरून ठेवलेलं, कमी पडलं की बोअरचं, जे इतकं जड की बादलीवर पांढरा थर बसतो. ते डायरेक्ट वापरायचं नाही म्हणजे नाही. आरओला पुढं उरलेसुरले क्षार काढणारी डीआयची नळी जोडून घ्यायला लावली, टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय मीठ घालायचं नाही. आरओचं वाया जाणारं पाणी बघून माझा जीव खालीवर व्हायचा, तर त्यांनीच पाइप लांब करून बाहेरच्या टाकीत सोडून दिला, आता त्यानं फरशी आणि गाडी धुतो. ही गोष्ट कुठल्या व्हिडिओत नव्हती, पाणीटंचाईच्या गावात राहणाऱ्यालाच सुचते.

मीठ म्हणजे खायचं नव्हे हो, समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेलं मिक्स. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे आमच्या ८५-९० लिटरला तीन किलोच्या आसपास. त्यांच्याकडं रेड सी कंपनीचं पण मिळतं आणि इन्स्टंट ओशनचं पण, आणि छोट्या टँकवाल्यांना ते बादली फोडून सुटं किलोवर देतात. परवडतं, पण पावसाळ्यात सुटं मीठ घेऊ नका, ओल धरून खडे झालेलं मिळतं, एकदा मला तसंच मिळालं आणि मी परत केलं. कुरकुर न करता घेतलं परत, हे पण सांगते. रिफ्रॅक्टोमीटर देताना त्यांनी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर सेट करून दिला, साध्या पाण्यावर शून्य करून नाही, कारण आपल्याला बघायचंय ते ३५ च्या जवळ, तिथंच तो बरोबर पाहिजे. घनता १.०२५ ठेवा म्हणाले, तेव्हापासून तीच आहे.

खडकांचं पण असंच. मला वाटायचं खरा प्रवाळाचा खडक लागतो. आपल्या समुद्रातले प्रवाळ पण २००१ पासून अनुसूची १ मध्येच आहेत, त्यामुळं त्यांच्याकडं सिरॅमिकचे खडक आहेत, भोकाभोकांचे, हलके, दिसायला पहिले दोन महिने अगदी नवं बांधकाम, मग त्यावर जांभळा-हिरवा थर चढतो आणि छान दिसायला लागतं.

पाणी तयार झालं की त्यात माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे जिवाणू वाढेपर्यंत थांबायचं असतं, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, याला चार-सहा आठवडे जातात. बरेच जण त्यासाठी कोळंबीचा तुकडा टाकून कुजवतात. आमच्या घरी ते चालणारच नव्हतं, आम्ही पक्के शाकाहारी आणि सासूबाई तर कांद्याला पण वार बघतात. अण्णांनी न विचारता ओळखलं, बाटलीतला अमोनिया आणि जिवाणूंची बाटली दिली, थेंब मोजून कागदावर लिहून दिले. मग आठवड्याला छोट्या बाटलीत पाणी घेऊन जायचं, ते तिथं तपासून देणार, पैसे नाहीत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत त्यांनी मासा दिला नाही. मध्ये एकदा मी म्हटलं पण, अण्णा द्या की एखादा, पोरगी रिकामी काच बघून कंटाळली. म्हणाले, "कंटाळू दे की ओ. मासा मेला तर रडल." दुकानदार गिऱ्हाइकाला आठवडेच्या आठवडे थांबवतो आणि तेवढ्यात त्याचा काहीच धंदा होत नाही, हे मी तरी दुसरीकडं बघितलेलं नाही. मला एका दुसऱ्या शहरातल्या दुकानात टँक आणि मासे एकाच दिवशी बांधून देत होते, तिथनं मी हात हलवत परत आले होते.

मासे आले ते ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत, म्हणजे माणसानं पैदास करून, वाढवलेली. समुद्रातनं पकडलेले त्यांच्याकडं मिळतात का मला माहीत नाही, मी मागितलेच हॅचरीचे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास करायचं तंत्र कधीच बसवलंय, त्यामुळं जोडीसाठी प्रवाळात हात घालायची गरज राहिलेली नाही. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पार्सल येतं, थर्माकोलच्या खोक्यात ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, आणि अण्णा सकाळी गाडी यायच्या आधी स्टेशनवर असतात, कारण उन्हात खोकं पडून राहिलं की संपलं. आमची जोडी त्यांनी आठवडाभर स्वतःकडं ठेवून, खातायत बघून मग दिली. घरी पिशवी तशीच ओतायची नाही, बारीक नळीला गाठ मारून थेंब थेंब टँकचं पाणी सोडायचं, तासभर तरी. ती गाठ पुतण्यानं येऊन मारून दिली आणि पूर्ण वेळ थांबला.

लेकीला समुद्रघोड्याचं ते बापाच्या बाळंतपणाचं कौतुक होतं ना, तर क्लाउनफिशचं त्याहून भारी निघालं. सगळे जन्मतात नर म्हणून, आणि जोडीतला जो मोठा, दादा, तो मादी होतो. आमच्यातली मोठी आता स्पष्ट कळते, छोट्याला कोपऱ्यात दाबते आणि छोटा अंग थरथरवून तिला मान देतो. लेकीनं त्यावर शाळेत प्रोजेक्ट केला.

खाण्याचा प्रश्न मोठा होता. दाणे खातात, पण नुसत्या दाण्यावर ठेवू नका म्हणतात, आणि गोठवलेल्या मायसिस-कोळंबीची पाकिटं फ्रीजमध्ये ठेवायला सासूबाईंनी ठाम नकार दिला. म्हणाल्या, जिवंत काय खायचं ते खाऊ देत, माझ्या फ्रीजमध्ये मेलेलं काही नको. मग आर्टेमियाची अंडी घरीच फोडायचं किट घेतलं, आणि सीहॉर्सवाले लोक जिच्यावर जगतात ती ही वस्तू आमच्या घरात सगळ्यात लाडकी झालीय, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

किट अगदी साधं आहे. उलट्या शंकूसारखी बाटली, खाली हवेची नळी आणि कॉक, एक स्टँड. आत लिटरभर पाणी, त्यात पंचवीसेक ग्रॅम मीठ, आणि अर्धा छोटा चमचा अंडी, जी दिसायला बारीक तपकिरी पुडीच. हवा जोरात सोडायची, अंडी तळाला बसता कामा नयेत, आणि वर दिवा. पाणी २५ ते २८ अंश असलं की दिवसभरात फुटतात. पुस्तकात १८ ते ३६ तास लिहितात. आपल्याकडं मार्चपासून पुढं संध्याकाळी घातली की दुसऱ्या दिवशी दुपारी तयार, डिसेंबरात मात्र सकाळच्या गारठ्यात वेळ लागतो, तेव्हा मी बाटली स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ठेवते. फुटली की पाण्याचा रंग तपकिरीचा केशरी होतो. मग हवा बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली तळाला बसतात, आणि पिल्लं प्रकाशाकडं धावतात. लेक मोबाईलचा टॉर्च बाटलीच्या खालच्या बाजूला एका जागी धरते आणि सगळा केशरी ढग हळूहळू तिथं गोळा होतो, नीट बघितलं तर प्रत्येक ठिपका झटके देत पोहताना दिसतो, अर्ध्या मिलिमीटरचा पण नसेल एकेक. कॉक उघडायचा, पहिलं तळाचं थोडं सोडून द्यायचं, मग ढग बारीक गाळणीत धरायचा, धुवायचा, आणि लगेच टँकमध्ये. लगेच एवढ्यासाठी की जन्मताना पोटात असलेल्या बलकावरच त्यांची सगळी पौष्टिकता असते, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर तो संपलेला असतो, मग त्यांना आधी वेगळं खाद्य खाऊ घालून नंतर माशांना द्यावं लागतं.

टरफलं मात्र टँकमध्ये जाऊ देऊ नका, आणि अंड्यांचा डबा कोरड्या जागी घट्ट झाकण लावून ठेवा. अंड्यांचा दर्जा मात्र दुकानात कधी उत्तम असतो, कधी तसाच. एका डब्यातली निम्मी पण फुटली नाहीत. उघडा डबा ते बदलून देत नाहीत, हे मला पटलं नाही. आता मी घ्यायच्या आधी विचारते की हा लॉट तुम्ही स्वतः फोडून बघितलाय का, आणि ते खरं सांगतात.

आता उन्हाळा, म्हणजे सगळ्यांचा खरा प्रश्न. पारा चाळिशीच्या वर गेला की काय करायचं? मुंबईवाले म्हणतात पंख्यानं काही होत नाही, कारण तिकडं हवाच दमट. आपली हवा कोरडी आहे, टँकवर छोटा पंखा लावला की पाणी भरभर उडतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. फक्त उडतं ते पाणी, मीठ नाही, म्हणून रोज साधं आरओचं पाणी भरत राहायचं, एप्रिलमध्ये आमचं रोज लिटर-दीड लिटर जायचं. मे लागला आणि पंख्यावर पाणी २९ दाखवायला लागलं तेव्हा अण्णांनी चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं मशीन, विकायचा प्रयत्न केला नाही, उन्हाळ्यापुरता भाड्यानं दिला. नवा चिलर वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो, आणि वर्षातले दोन-अडीच महिनेच लागतो, तर भाड्याची सोय ही या दुकानाची सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं मी म्हणेन. चिलर आवाज करतो आणि गरम हवा हॉलमध्येच फेकतो, ते सोसावं लागतं. टँक पश्चिमेच्या भिंतीला नको, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप घ्याच, इन्व्हर्टर असला तरी घ्या.

तक्रारी आहेत त्या पण लिहिते. गाडी लावायला जागा नाही, बोळात रिक्षा आली की सगळं अडकतं. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर रात्री अकरानंतर. एलईडी लाइटचा अॅडॉप्टर गेला तर बदलून मिळायला दोन आठवडे लागले, तोपर्यंत ट्यूबलाइटवर भागवलं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. शहराबाहेर कुणी येत नाही, अक्कलकोट-बार्शीवाल्यांना स्वतः यावं लागेल. आणि अण्णा फटकळ आहेत, गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेल्या गोल बाऊलमध्ये मासा ठेवलाय म्हणून सांगितलंत तर सगळ्यांसमोर ऐकवतील. मला ते चालतं, सगळ्यांना चालेल असं नाही.

खर्च विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, गोड्या पाण्याच्या त्याच मापाच्या टँकच्या तीन-चार पट धरून चला आणि महिन्याला मीठ, फिल्टर, लाइटबिल वेगळं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचंच. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी गप्पी ठेवावेत, ते पण सुंदर असतात.

सामानाला साडेचार स्टार, माहितीला पाच, फोनला एक. सोमवारी बंद असतं. गुरुवारी सकाळी मुंबईचं पार्सल येतं, त्या दिवशी मागच्या खोलीत कुणालाच घेत नाहीत, तर शुक्रवारी किंवा शनिवारी दुपारी जा, आणि टँक आधीच असेल तर बाटलीत पाणी घेऊन जा.